परदेशची चाकरी आणि घरची उचल

गेल्या पंधरवड्यात उमरगे तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलास बरोबर घेऊन आमच्या वकिलीच्या कचेरीत आले. मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा केलेला, चुणचुणीत व अबोल. त्यास आखातातील एका देशात नोकरी लागली आहे, दलालास अडीच लाख रुपये द्यावयाचे आहेत, आणि त्याकरिता विहिरीलगतची दीड एकर जमीन भावकीतल्याच एका गृहस्थास विकावयाची आहे. तरी खरेदीखताचा मसुदा आजच करून द्यावा, एवढेच बापाचे म्हणणे होते. मुलाने जावे की न जावे हा सल्ला विचारण्यास ते आलेच नव्हते. तो निर्णय घरी होऊन चुकला होता, आणि गावच्या देवळात नारळही फुटला होता.

आम्ही सहज विचारले, की दलालाचा नोंदणी क्रमांक काय? नोकरी देणाऱ्या मालकाचे नाव काय? पगार कोणत्या नाण्यात, आणि दिवसाचे किती तास काम केल्यावर? पितापुत्रांनी एकमेकांकडे पाहिले. मग मुलाने मोबाइलच्या पडद्यावर एक इंग्रजी कागद काढून दाखविला. त्यावर शिक्का होता, पण सही नव्हती. पगाराचा आकडा होता, पण कामाचे नाव नव्हते. कंपनीचे नाव होते, पण पत्ता नव्हता. आणि ज्यास ते ‘व्हिसा’ म्हणत होते तो साठ दिवसांच्या पर्यटनाचा परवाना होता! बाप म्हणाले, “साहेब, गावातली चार पोरं ह्याच माणसाच्या हातून गेलीत.” ती चार पोरे तेथे काय करतात, हे विचारल्यावर उत्तर आले, “ते काही सांगत नाहीत. पैसे मात्र धाडतात.”

ही एका घराची गोष्ट असती तर ती आम्ही ह्या स्तंभात आणली नसती. परंतु तुळजापूर, लोहारे, कळंब, भूम, परंडे, वाशी, कोणत्याही तालुक्यात जाऊन पाहावे; परदेशी चाकरीस जाण्याचा विचार हल्ली शेताच्या बांधावर आणि एसटीच्या थांब्यावर होऊ लागला आहे. म्हणून ह्या प्रश्नावर आमचे मत स्पष्ट सांगून टाकणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, परदेशी जाण्यास आमचा विरोध नाही. एक काळ असा होता की, समुद्र ओलांडणाऱ्या मनुष्यास परत आल्यावर पंचगव्य प्राशन करून प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि तेवढ्यानेही कित्येकांच्या पंक्तीत त्याचे पान मांडले जात नसे. ते थोतांड आमच्या पूर्वीच्या सुधारकांनी हाणून पाडले. परंतु जुन्या सोवळ्याच्या जागी आता एक नवे सोवळे येऊ पाहत आहे, ते असे की, देशात काम असताना परमुलखी चाकरीस जाणे हा देशाचा द्रोह होय. हा उपदेश करणाऱ्यांपैकी कित्येकांची मुले अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत, हा भाग आपण सोडून देऊ. आम्हीही स्वतःस राष्ट्रवादी म्हणवितो. पण राष्ट्र म्हणजे नकाशावरील रेघ नव्हे, तीत राहणारी माणसे होत. आणि त्या माणसांनी उपाशी बसून रेघेची राखण करावी असे म्हणणे आम्हास राष्ट्रवाद वाटत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली मागास जिल्ह्यांची जी ‘आकांक्षित’ ह्या गोंडस नावाची यादी केली, तीत महाराष्ट्राचे चार जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आमचा. पुढे २०२३ साली उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे नाव अधिकृत झाले, आणि आम्हीही त्याचा आनंद मानला. पण नाव बदलले म्हणून दसरा-दिवाळीनंतर गावे ओस पडावयाची राहिली नाहीत.

शिवाय परदेशाशी व्यवहार करणे ह्या भूमीस नवीन आहे असे कोणी समजू नये. तेर हे आज एक लहानसे गाव आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासवर्णनात तगर नावाने त्याचा उल्लेख आहे, आणि तेथील कापड गाड्यांवर घालून भडोचच्या बंदरास नेत असत असे त्यात नमूद आहे. तेरच्या वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीतील पॉम्पेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी आमचा माल रोमच्या बाजारात पोचत होता. आज माल नाही म्हणून माणसे जातात. फरक एवढाच की, मालाबरोबर त्याची किंमत ठरविणारा व्यापारी जात असे. माणसाबरोबर आज कोणीच जात नाही.

आमची हरकत आहे ती जाण्याच्या रीतीस, आणि ती रीत आमच्या जिल्ह्यास नवी नाही. कारखान्याच्या ऊसतोडीस जाणारी टोळी कशी बांधली जाते, हे येथील पोरासोरांसही ठाऊक आहे. पावसाळ्यात, हाती दाणा नसताना, मुकादम येतो आणि उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घरातील लग्नास, दवाखान्यास किंवा जुन्या देण्यास जाते. मग हंगाम सुरू होतो, आणि सहा महिने राबून हिशेब होतो तेव्हा कित्येकांच्या नावावर उचल शिल्लकच निघते. ती पुढच्या सालास ओढली जाते. कोयत्यावर जाणारा मनुष्य मजूर आहे असे कागद म्हणतो. पण ज्यास काम सोडून जाता येत नाही त्यास मजूर म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय. आता पाहा: अडीच लाख रुपये कर्जाऊ काढून किंवा जमीन विकून जो मुलगा आखातात उतरतो, त्याची स्थिती ह्याहून काय निराळी? मुकादमाच्या जागी दलाल आला, बैलगाडीच्या जागी विमान आले, आणि कोपीच्या जागी एका खोलीत आठ खाटा आल्या. उचल तीच. किंबहुना एका बाबतीत ती अधिक वाईट: मुकादम निदान उचल आपल्या पदरची देतो, येथे उचल मुलाचा बापच देतो, आणि बांधला जातो मुलगा!

हा प्रश्न आमच्या देशाने एकदा सोडविलेला आहे, हे आम्ही विसरलो आहोत. १८३४ पासून मॉरिशसला, आणि पुढे नाताळ, फिजी, त्रिनिदाद इत्यादी वसाहतींस आमचे मजूर पाच वर्षांच्या करारावर जात. मॉरिशसमध्ये गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही होती, व त्यांचे वंशज आज तेथे मराठी म्हणवून घेतात. त्या कराराचे ‘गिरमिट’ झाले, आणि गिरमिट्या हा शब्द गुलामाच्या जवळ जाऊन बसला. नामदार गोखल्यांनी १९१२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव आणला. सरकारी मताधिक्याने तो पडला. पण पाचच वर्षांत, १९१७ साली, सरकारला अशी भरती थांबवावी लागली. गोखल्यांचा आक्षेप मनुष्य दूर जातो ह्याला नव्हता. ज्या करारातील शर्ती त्यास कळत नाहीत, आणि जो मोडल्यास त्यास तुरुंगात जावे लागते, असा करार हा करारच नव्हे, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. आम्ही कायद्याच्या शाळेत शिकलो तेही हेच, की मोकळ्या मनाने व समजून दिलेली संमती नसेल तर करार उभा राहत नाही. बांधावर बसून, न वाचता येणाऱ्या भाषेतील कागदावर अंगठा दाबणाऱ्या पडद्याला जी संमती दिली जाते, ती ह्या कसोटीस किती उतरते, ते वाचकांनीच पाहावे.

आता कायदा काय म्हणतो? स्वतंत्र भारताने १९८३ साली परदेशगमनाचा कायदा केला. त्याच्या दहाव्या कलमान्वये नोंदणी केल्यावाचून परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करण्याचा धंदा कोणासही करता येत नाही. नोंदणीकृत दलालाने उमेदवाराकडून घ्यावयाचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकेच ठरविलेले आहे, आणि त्याची पावती दिली पाहिजे. दलालांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ ह्या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहता येते. जाणाऱ्या कामगाराचा १० लाख रुपयांचा अपघाती विमा उतरविण्याची सोय आहे, आणि त्याचा हप्ता दोन वर्षांस अवघा २७५ रुपये आहे. अडीच लाख मोजणाऱ्या किती बापांनी ह्या २७५ रुपयांचे नाव ऐकले आहे? आणि जो दलाल नोंदणीवाचून हा धंदा करतो त्यास शिक्षा काय? दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड २,००० रुपयांपर्यंत! एका मुलामागे लाखांनी मिळविणाऱ्या मनुष्यास दोन हजारांचा धाक! कायदा करणाऱ्यांनी १९८३ चे दोन हजार आजही दोन हजारच आहेत असे समजून हे कलम तसेच ठेवले असावे.

ह्याहूनही एक चमत्कारिक गोष्ट आहे, ती आमच्या सुशिक्षित वाचकांनीही ध्यानात घेतलेली दिसत नाही. आखात व इतर मिळून अठरा देशांत नोकरीस जाताना, ज्याचे शिक्षण दहावीहून कमी आहे त्यास सरकारी संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तो अधिकारी मालकाचे नाव, पगार व कराराच्या शर्ती तपासतो, आणि त्याचा विमाही सक्तीचा असतो. जो दहावी उत्तीर्ण आहे त्यास ही मंजुरी लागत नाही. गावात ह्यास मोठा मान समजतात: “आमच्या पोराच्या पासपोर्टवर शिक्का नाही!” शिक्का नाही ह्याचा अर्थ असा की, त्याचा करार कोणीही पाहिलेला नाही. दहावीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कराराचा कायदा कळू लागतो अशी ही सरकारी समजूत! आमच्या कचेरीत बसलेला तो वीजतंत्री दहावी पास होता, म्हणूनच त्याच्या कागदास कोठेही चाळणी नव्हती.

चाळणी नसली म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे शोधावयास फार मागे जावे लागत नाही. संगणकाची नोकरी म्हणून थायलंडला नेलेले तरुण सीमेपलीकडे म्यानमारमध्ये फसवणुकीच्या कोठारांत कोंडले गेले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये भारत सरकारला विमाने पाठवून ५४९ जणांस परत आणावे लागले. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीस अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरविले गेले. त्यांत महाराष्ट्राचेही होते. आणि हे दोन्ही प्रकार बाजूस ठेवून, सर्व कागद ठीक असलेल्या कामगाराची गोष्ट घेतली तरी, १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या एका इमारतीस पहाटे आग लागली, तीत ४५ भारतीय गेले. ते राहत कोठे होते, खोलीत किती होते, जिन्यास वाट होती की नाही, हे त्यांच्या गावी कोणी कधी विचारले होते काय?

जाण्याची तयारी म्हणजे काय, ह्याविषयी आमच्या लोकांच्या कल्पना विलक्षण आहेत. नवी पेटी, चटणी-पापडाचे डबे, आणि तुळजापूरची वारी. वारीस आमची ना नाही. भवानीआईचा अंगारा बरोबर असावा. पण त्याबरोबर कराराची एक प्रत घरी असावी, मालकाचा पत्ता व आपल्या वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक बायकोपाशी किंवा आईपाशी लिहून ठेवलेला असावा, हे का सुचू नये? पासपोर्ट मालकाने काढून घेतला तर तो मुकाट्याने देऊ नये; १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमान्वये तो कागद मालकाचा तर नाहीच, पण मुलाचाही नाही, तो भारत सरकारच्या मालकीचा आहे; आणि तो अडकवून ठेवणे आखातातील बहुतेक देशांच्या कायद्यासही मान्य नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले, अशी कथा आमच्या भागात लहान मुलेही सांगतात. दलालाच्या कागदावर एक थापटी मारून पाहण्यास काय हरकत आहे?

वकील ह्या नात्याने आणखी एका गोष्टीचा इशारा देणे आम्हास अवश्य वाटते. परदेशी जाणारा मनुष्य घाईघाईने भावाच्या किंवा चुलत्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. चार वर्षांनी परत येतो तो जमीन तिसऱ्याच्याच नावावर, आणि भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. अशी प्रकरणे ह्या जिल्ह्यातील न्यायालयांत आम्ही स्वतः चालविली आहेत. ज्या कामासाठी अधिकार द्यावयाचा त्याच कामापुरते, मुदत घालून, खास मुखत्यारपत्र करावे. आणि विकण्याचा अधिकार कोणासही देऊ नये. भावावर विश्वास नाही असा ह्याचा अर्थ नव्हे. विश्वास टिकावा म्हणूनच कागद मर्यादित ठेवावयाचा.

आणि भाषा! २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. प्रारंभी दहा हजार तरुण पाठवावयाचे असे त्या वेळी जाहीर झाले. ही वाट आम्हास दलालाच्या वाटेहून शतपट बरी वाटते, कारण तेथे दोन सरकारे एकमेकांस जबाबदार असतात. परंतु करार झाल्याने जर्मन भाषा येत नाही. कामापुरती ती येण्यास वर्षभर नेटाने अभ्यास पाहिजे, आणि शिकविणारा मनुष्य पाहिजे. पुण्याच्या मुलास तो चार पावलांवर मिळतो. भूम-परंड्याच्या मुलास कोठे मिळावा? जिल्ह्याच्या ठिकाणी असे वर्ग सरकारने चालविले तरच ह्या कराराचा लाभ आमच्यापर्यंत पोचेल. नाही तर पुण्या-मुंबईची मुले जर्मनीस जातील आणि आमची मुले पुण्यास.

आता स्त्रियांविषयी, कारण ह्या प्रश्नावर आमचे पुष्कळ मित्रही गडबडतात. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी परदेशी जाऊ म्हणते तेव्हा घरात रडारड होते, गावात कुजबुज होते, आणि ‘आधी लग्न, मग काय ते’ ह्या वाक्यावर विषय संपतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, आणि निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत उभे राहून आपण का जातो ह्याची कारणे त्यांनी लोकांस सांगितली. त्यास एकशेचाळीसांहून अधिक वर्षे झाली. आमच्या मुलींना अजून तीच कारणे स्वयंपाकघरात उभे राहून सांगावी लागतात! बरे, हा विरोध स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी आहे असे म्हणावे, तर तीच स्त्री अर्धा कोयता म्हणून तान्ह्या मुलास घेऊन परक्या जिल्ह्यातील फडावर कोपीत राहते, रात्री-अपरात्री मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, तेव्हा तिच्या सुरक्षिततेची आठवण कोणास होत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी राज्य सरकारला २०१९ साली करावी लागली. तेव्हा मुलगी दूर गेली ह्याचे दुःख नसून ती स्वतःच्या नावाने पगार मिळवील ह्याचे भय आहे, असे आम्हास म्हणणे भाग पडते. अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारमान्य संस्थांमार्फत व्हावी असा दंडक केंद्राने २०१५ साली घालून दिला. म्हणजे मुलीची वाट मुलाच्या वाटेहून ह्या बाबतीत अधिक राखलेली आहे. ती बापांनी अडवू नये.

सरकारकडे आमचे मागणे फार मोठे नाही. केरळ सरकारने परदेशी नोकरीसाठी आपले स्वतंत्र महामंडळ १९७७ साली काढले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे साडेवीस टक्के होता, म्हणजे केरळाहूनही थोडा अधिक. इतका पैसा ज्या राज्यात येतो त्याने प्रत्येक जिल्हाधिकारी कचेरीत एक टेबल व एक जाणता कारकून ह्या कामासाठी ठेवणे जड जाऊ नये. कागद घेऊन मनुष्य आला, की त्याने दलालाचा क्रमांक पाहावा, कराराचा मराठीत अर्थ सांगावा, आणि विम्याचा अर्ज भरून द्यावा. संरक्षक अधिकाऱ्याची कचेरी मुंबईस आहे. लोहाऱ्याच्या शेतकऱ्यास तेथे जाऊन येण्यात दोन दिवस व मजुरी जाते, आणि दलाल तर दारात उभा असतो. तसेच सहकारी बँका सोयरिकीत ट्रॅक्टरला कर्ज देतात. त्यांनी नोंदणीकृत मार्गाने, ठरलेल्या शुल्कापुरते, जाणाऱ्या मुलास कर्ज द्यावे, म्हणजे विहिरीजवळची जमीन वाचेल. कारखानदार पुढाऱ्यांनी ह्यास विरोध केला तर आम्हास आश्चर्य वाटणार नाही. कोयते कमी होतील ही त्यांची भीती खरी आहे, आणि ती खरी व्हावी अशी आमची इच्छा आहे.

सरकार हे करील तेव्हा करील. आमच्या व्यवसायबंधूंनी तोपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्याच्या वकील मंडळींनी आठवड्यातून एक दुपार असे कागद वाचण्यास दिली, तर कोणाचेही दिवाळे निघणार नाही.

उमरग्याच्या त्या पितापुत्रांचे काय झाले, हे वाचक विचारतील. आमच्या सांगण्यावरून मुलाने तेथूनच दलालास दूरध्वनी लावून नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडून प्रथम हसणे ऐकू आले, मग “विश्वास नसेल तर येऊ नका, रांगेत बरेच आहेत” असे उत्तर आले, आणि दूरध्वनी बंद झाला. बाप आमच्यावरच रागावले. मुलाची संधी आम्ही घालविली असे ते दारातून बाहेर पडताना बोलले, व त्यांचे दुःख आम्हास समजते. खरेदीखत त्या दिवशी झाले नाही. चार दिवसांनी मुलगा एकटाच आला; त्याने संकेतस्थळावरून तीन नोंदणीकृत दलालांची नावे उतरवून आणली होती, आणि त्यांपैकी एकाने पाठविलेला कराराचा नमुना आम्ही त्यास ओळीओळीने वाचून दाखविला. नवव्या कलमात ओव्हरटाइमचा दर लिहिलेला नाही, हे त्यानेच आमच्या आधी पाहिले.

आमची कचेरी शनिवारी दुपारी तीन वाजल्यापासून ह्या कामासाठी उघडी राहील. करार, पासपोर्ट व दलालाने दिलेले सर्व कागद बरोबर आणावेत. फी नाही. ज्या घरातून मुलगी जावयाची असेल त्यांनी मुलीस बरोबर आणावे. तिच्या कागदाविषयी आम्ही तिच्याशीच बोलू.